मुलांना रागावण्याआधी छर्रा तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या चार घरांतली मुलं नेमबाजीकडे वळली. त्याचं पदक 50 मीटर प्रकारातलं, पण आमची पोरं 10 मीटर एअर रायफलनेच सुरुवात करतात. त्यात माझी नातही आहे.

गेल्या पावसाळ्यात तिचे गुण अडकले. एक गोळी 10.6, पुढची 9.7, आणि ती डावीकडे का गेली हे तिलाच कळेना. क्लबमध्ये सांगितलं, लक्ष नाही, मोबाइल काढून घ्या. आम्हीही तिला बोललो. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. कारण दोष तिचा नव्हता, छर्‍याच्या मापाचा होता. एअर रायफलच्या गोळीलाच छर्रा म्हणतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 34 वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारं-साचे बनवायच्या विभागात काढली. एकदा तिची छर्‍यांची डबी हातात घेतली, तर स्टिकरवर 4.50 लिहिलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की हाच छर्रा 4.49 आणि 4.51 मध्येही मिळतो. हे छर्‍याच्या डोक्याचं माप, मिलिमीटरमध्ये. फरक 10 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. लोकांना तो नगण्य वाटेल, पण भोक आणि शाफ्ट बसवणार्‍याला विचारा! छर्‍याचं डोकं बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांवर टेकून पुढे सरकतं, मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून फट बंद करतो. डोकं सैल असेल तर छर्रा नळीत किंचित कलतो. जास्त घट्ट असेल तर घर्षण वाढतं आणि वेग गोळीगणिक बदलतो.

प्रशिक्षकांच्या परवानगीने रेंजवरच टेबलाला माझा व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) पक्का केला. जबड्यांत लाकूड आणि चामडं घालून रायफल धरली, बॅरलला काही लागू दिलं नाही. एकाच कंपनीचे, 0.53 ग्रॅमचेच छर्रे, तीन मापांचे. डबी बदलली की पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत, मग पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पाच गोळ्या, प्रत्येक वेळी नवा कागद. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. 4.50चे ग्रुप 8 मिमीच्या आसपास, 4.51चे 7 च्या पुढे. 4.49चे पाचही ग्रुप 6 च्या आत-बाहेर, कागदावर जणू एकच भोक. छर्राच साडेचार मिमीचा, तेव्हा खरी पांगापांग दीड मिमीवर आली. या खेळात दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर सरकलं की 0.1 गेला. साठ गोळ्यांत प्रत्येकी 0.1 म्हणजे 6 गुण, आणि निवडचाचणीत मुलं त्याहून कमी फरकाने बाहेर राहतात.

आता 4.49च घ्या, असं मात्र कुणी समजू नये. तिच्या मैत्रिणीची रायफल त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, पण तिच्या बॅरलला 4.51 मानवला. शिवाय साचे झिजतात, त्यामुळे डबीवर माप तेच असलं तरी बॅच बदलली की पुन्हा तपासावं लागतं. म्हणून जमलेल्या बॅचच्या डब्या एकदम घेऊन ठेवाव्यात. मोठे नेमबाज बॅच तपासूनच छर्रे घेतात. आमच्या मुलांच्या हातात मात्र दुकानदार देईल ती डबी पडते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रेंजवर एक व्हाइस असावा, आणि क्लबने तिन्ही मापांची एकेक डबी नमुन्यासाठी ठेवून प्रत्येक मुलाची रायफल वर्षातून दोनदा तपासून द्यावी. दुकानदारांनीही पूर्ण 500ची डबी गळ्यात न मारता पन्नास-पन्नास छर्रे सुटे द्यावेत. नवी रायफल घ्यायला पालक कर्ज काढतात हो, त्याआधी एवढं करून पाहायला एक दुपार पुरते.

कोल्हापुरातल्या ज्या क्लबकडे सोय नसेल, त्यांच्याकडे कुठल्याही रविवारी मी माझा व्हाइस आणि व्हर्नियर घेऊन येईन. मुलांनी आपली रायफल आणि डब्या तेवढ्या आणाव्यात.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, कोल्हापूर