‘संपूर्ण कुटुंबासाठी’ म्हणून विकलेल्या ऑक्सिमीटरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : लहान मुलाच्या बोटाला न चालणारा पल्स ऑक्सिमीटर

महोदय,

आपला ऑक्सिमीटर मी मागवला तो खोक्यावरचं ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ वाचून. आमच्या कुटुंबात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे.

घरात कोविड शिरला. नवरा आतल्या खोलीत वेगळा राहत होता. चौथ्या रात्री मुलाला १०२ ताप भरला. दोनच्या सुमारास त्याच्या बोटाला यंत्र लावलं, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला ७८ टक्के. काढून पुन्हा लावलं, ८३. मग ७४. ९४ च्या खाली गेलं तर थांबायचं नाही, हे तेव्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. बंद दारामागून नवरा विचारत होता, “किती आलं?” मी खरं सांगितलं नाही. तो दार उघडून बाहेर आला असता.

डॉक्टर व्हिडिओ कॉलवर मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्यांनी यंत्र बाजूला ठेवून आधी मुलाकडे बघायला सांगितलं. ओठ निळसर दिसतात का? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? मग सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. ३४ भरले. या वयात ४० च्या पुढे गेले तर चिंता. यंत्र नाडी किती दाखवतंय, असं त्यांनी विचारलं. ६१. छातीवर हात ठेवून मी मोजले तर ठोके १३० च्या वर! “नाडीच चुकतेय, मग त्याच्या ऑक्सिजनचं काय घेऊन बसलात?” डॉक्टर म्हणाले.

यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं. बोट बारीक असेल तर प्रकाश बाजूने निसटतो, म्हणून मुलांसाठी प्रोब (बोटाला लावायचा भाग) वेगळा असतो. हे मला डॉक्टरांकडून कळलं. नंतर तुमच्या माहितीपत्रकाच्या आतल्या घडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रौढांसाठी’ हा शब्द सापडला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं : “बोट गरम करा, नेलपॉलिश काढा.” साडेतीन वर्षांच्या मुलाचं नेलपॉलिश! उघडलेलं खोकं स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही, असंही कळवलं. (न उघडता ते वापरून कसं बघायचं, हे नाही कळवलं.)

मुलगा आता बरा आहे. पैसे परत हवेतच. पण खोक्यावरचं ते वाक्य काढा, कोणत्या वयाला यंत्र चालत नाही ते दर्शनी बाजूला छापा, आणि ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांना कळवा. मला खोटा वाईट आकडा मिळाला, निदान मी जागी राहिले. एखाद्या घरी खोटा चांगला आकडा दिसला, तर ते लोक निवांत झोपतील.

तिन्ही आकड्यांचे फोटो, पावती आणि माहितीपत्रकाची ती घडी सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. ‘बोट गरम करा’ सोडून.

आपली,
एक ग्राहक