‘प्रार्थना करतो’ म्हटल्यानंतर

संपादक महोदय,

चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणाच्या आजारपणाचा निरोप येतो आणि पाहता पाहता खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. त्यातले किती जण खरोखर प्रार्थना करतात? न करणारे सगळेच आळशी नसतात. मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी करायची प्रार्थना करायची कशी, हे अनेकांना कुणी शिकवलेलेच नसते.

निरोप वाचताच, आहोत तिथेच, दोन वाक्यांची प्रार्थना करावी आणि मगच उत्तर पाठवावे. नंतरवर टाकलेली बहुधा राहूनच जाते. पुढच्या दिवसांसाठी मात्र वही हवी. तारीख, नाव, नेमकी विनंती आणि पुढे काय झाले, असे चार रकाने पुरतात. नावे पन्नास-साठ झाली की यादी हजेरीपटासारखी वाचली जाते आणि लवकरच सुटते. म्हणून रोजची नावे पाच-सहाच ठेवावीत, बाकीची वारांवर वाटावीत. महिन्यातून एकदा विनंत्या तपासाव्यात. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या माणसाला आता कदाचित झोप हवी असेल, धीर हवा असेल, नाहीतर बिलाची सोय. चौथा रकाना कोरा राहिला तर उपकारस्तुतीही, म्हणजे देवाचे आभार मानणेही, राहते. बायबलमधल्या १ तीमथ्य २:१ मध्ये प्रेषित पौल ती मध्यस्थीच्या जोडीनेच सांगतो.

मागावे काय? शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच विचारावे. नाहीतर पौलाचे कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेले पत्र, कलस्सैकरांस १:९-१२, उघडून त्यात तिचे नाव घालावे. पौल कैदेतून हे लिहितो, आणि त्या मंडळीतल्या बहुतेकांनी त्याचे तोंडही पाहिलेले नव्हते. तो त्यांच्यासाठी देवाच्या इच्छेचे ज्ञान मागतो, सहनशक्ती मागतो, आनंदाने उपकार मानणारे मन मागतो. अडचणी टळोत, असे तिथे कुठेही नाही. लूक २२:३२ मध्ये प्रभू येशूही आपला शिष्य शिमोन पेत्र याच्यासाठी परीक्षा चुकावी असे मागत नाही. त्याचा विश्वास ढळू नये, एवढेच मागतो. म्हणून आरोग्य मागू नये असे नव्हे. याकोब ५:१४ आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवायला सांगतोच. पण फक्त आरोग्यच मागत राहिलो तर बरे न होणाऱ्यासाठी मागायला आपल्याकडे काही उरत नाही.

आजाऱ्याजवळ जाऊन प्रार्थना करताना आधी परवानगी घ्यावी, हात ठेवण्यासाठी तर नक्कीच. प्रार्थना दोन मिनिटांच्या आत संपवावी. ‘तुम्ही बरे होणारच’ असे वचन देवाच्या नावाने देऊ नये, आणि औषधे थांबवायला तर मुळीच सांगू नये.

प्रार्थना-सभेत तासातली चाळीस मिनिटे विनंत्या सांगण्यातच जातात. सांगण्यासाठी दहा मिनिटे ठरवावीत. एका विनंतीसाठी एकाने प्रार्थना करावी, इतरांनी आमेन म्हणावे. इथेच चहाडीही शिरते. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय मांडू नये. ‘एका बहिणीसाठी’ एवढे पुरते, तपशील देवाला ठाऊक आहेत. शेजारी बसलेल्याला ऐकू जावे म्हणून ‘प्रभू, याला सुबुद्धी दे’ म्हणणे हा तर उपदेश झाला, तोही भित्रा.

यादीत फक्त घरचे आणि मंडळीतलेच लोक उरले असतील, तर कॅथलिक उपासनेतल्या उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) दहा विनंत्या पाहाव्यात. त्यांत राज्यकर्ते येतात, यहुदी लोक येतात, देवावर विश्वास नसणारेही येतात. प्रोटेस्टंटांनीही हा क्रम वापरायला हरकत नसावी.

राहिले मत्तय ५:४४, शत्रूंवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. ज्याच्यावर राग आहे त्याचे नाव वहीत येतच नाही, आलेच तर तळाशी. ते रोजच्या पाच-सहांत घ्यावे आणि त्याच्यासाठी आपण स्वतःसाठी मागतो तेच मागावे : तब्येत, काम, मुलाबाळांचे भले. ‘त्याला त्याची चूक कळू दे’ ही विनंती पहिले काही आठवडे नकोच.

आपला,
एक वाचक