बॉनेट लावण्याआधी तुम्ही जे केलंत

काका, सप्रेम नमस्कार.

गाडी आता पहिल्या सेल्फला सुरू होते. आई रोज विचारते, "त्या गृहस्थांना कळवलंस का?" म्हणून हे पत्र. बॅटरी विकणारे मला पुष्कळ भेटले होते. तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते तुमच्या लेखी नेहमीचंच असेल, आणि म्हणूनच ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी जे एक वाक्य सगळीकडे ऐकलं ते असं: "जुनी गाडी आहे, हिला काहीही चालतं." ज्या मापाची बॅटरी हिच्यात मुळात होती ती बाजारात मिळेनाशी झाल्यावर एका दुकानदाराने या वाक्याच्या जोरावर वेगळ्याच घडणीची बॅटरी आत बसवून दिली. बसवून कसली, टेकवून. खालच्या बाजूला पकडायची कडच त्या बॅटरीला नव्हती, त्यामुळे ट्रेमधला क्लॅम्प निरुपयोगी झाला. मग ट्यूबचा तुकडा आडवा ताणून बांधला. टर्मिनलचे खुंट बारीक होते, क्लिपा ढिल्या पडत होत्या, तर त्यात पत्र्याची पट्टी कोंबली. मी विचारलं, "ही उंच दिसते, वर बॉनेटला लागणार नाही ना?" त्याने मान वर न करता सांगितलं, "नाही लागत." बघितलं नाही, मोजलं नाही. त्या भरवशावर मी आईला शेजारी बसवून खड्ड्यांतून गाडी चालवत राहिले. तिचे गुडघे फार दुखतात, आणि तिला आधाराशिवाय चढता-उतरता येतं अशी आमच्या घरात ही एकच गाडी. ती बंद पडली की आईचं बाहेर जाणंच बंद होतं.

महिना-दोन महिन्यांत सेल्फ पुन्हा रडायला लागला. तेव्हा दुसऱ्याने मीटरसुद्धा न लावता अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा भाग, गेल्याचं जाहीर केलं. तिसऱ्याला मी बॅटरीचं माप विचारलं, तर त्याने उत्तर माझ्यासोबत आलेल्या शेजाऱ्यांकडे बघून दिलं, आणि शेवटी "विकून टाका" हा सल्लाही त्यांनाच. मला अजून राग येतो. माहिती नसल्याचा राग नाही, ती सगळ्यांना कुठून असणार? बघायचे कष्ट न घेता खात्री देऊन टाकली, याचा आहे.

तुम्ही आधी हातातली अंगठी काढून खिशात ठेवलीत. मग दहा नंबरचा पाना घेऊन पहिल्यांदा मायनसची वायर सोडवलीत, आणि मी विचारायच्या आत कारण सांगितलंत: या गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, म्हणून मायनस आधी सुटला की प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. वायर सोडवण्याआधी मीटर लावला होतात तो माझ्याकडे फिरवून धरलात. धडधाकट बॅटरी नुसती उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, माझी १२ च्याही खाली. तुमच्या बॅटरीवर गाडी सुरू केल्यावर आकडा १४.१, म्हणजे बॅटरी नीट भरली जात होती. "अल्टरनेटरला हात लावायची गरज नाही," एवढंच म्हणालात. दुसऱ्याने काढलेलं ते मोठं काम तुम्ही एका वाक्यात मिटवलंत. त्यातून तुम्हाला काही मिळणार नव्हतं. उलट तुमचंच काम कमी झालं.

मग तुम्ही ट्रे मोजलात आणि मला पहिल्यांदा कळलं की आमचा गोंधळ नेमका कुठे होता. या गाडीला लागते ती डिन (जर्मन मानक) मापाची बॅटरी. तिचे टर्मिनल झाकणाच्या पातळीखाली खोलगट जागेत असतात आणि पायाशी क्लॅम्पसाठी कड असते. आधी बसवलेली होती ती जपानी पद्धतीची, टर्मिनल झाकणाच्या वर आलेली, टोकापर्यंत उंची २२५ मिमीच्या आसपास. दोन्ही १२ व्होल्टच्याच, दोन्ही आपापल्या गाडीत उत्तम. तुम्ही आकडेही वाचून दाखवलेत. ५४४ ने सुरू होणारा नंबर असेल तर ५ म्हणजे १२ व्होल्ट आणि ४४ म्हणजे ४४ अँपिअर-तास. आमची मूळची १७५ मिमी उंचीची होती. ती तुमच्याकडेही नव्हती. लांबी-रुंदी तीच, पायाची कड तीच, प्लस-मायनसची बाजू तीच, पण उंची १९० मिमी, अशी मात्र होती. तिच्यावरची तयार झाल्याची तारीख दाखवलीत, मीटर लावून दाखवलात. ट्रेमध्ये ती नीट बसली, क्लॅम्प आवळला गेला, क्लिपा पट्टीबिट्टीशिवाय घट्ट झाल्या.

मला वाटलं, झालं. मी पर्सकडे हात नेला.

तुम्ही म्हणालात, "थांबा जरा." खणातून लहान मुलं खेळतात तसल्या मऊ मातीचा गोळा काढलात. प्लसच्या टर्मिनलवर प्लास्टिकची टोपी घालून त्यावर तो उभा केलात. बॉनेट खाली घेतलंत, दाबून पूर्ण बंद केलंत, पुन्हा उघडलंत. गोळा वरून चपटा झाला होता. तो अलगद उचलून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "बघा, एवढी जागा आहे. बोटानं मोजा."

मी मोजली. माझी दोन बोटं आडवी मावत होती, वर थोडी उरत होती. आधीची बॅटरी हिच्याहून पस्तीस मिमी उंच, म्हणजे जवळजवळ तेवढीच. पुढचा हिशेब तुम्ही बोलून दाखवला नाहीत, मीच केला, आणि माझे हात गार पडले. प्लसचा उघडा खुंट बॉनेटच्या पत्र्याला लागला असता तर इंजिन फिरवणारा शेकडो अँपिअरचा तोच प्रवाह सरळ पत्र्यातून गेला असता, मध्ये एकही फ्यूज नाही. आणि ट्यूबने बांधलेली बॅटरी प्रत्येक खड्ड्यात उडत होती.

काका, "काही होत नाही, बसेल" असं तुम्ही म्हणाला असतात तरी मी विश्वास ठेवला असता. तोवर तुमच्याबद्दल तेवढी खात्री वाटायला लागली होती. तरीही तुम्ही मला विश्वास ठेवायला लावलं नाहीत, माझ्या हातात पुरावा दिलात. ज्या बाईला कुणी धड उत्तर देत नव्हतं तिला तुम्ही स्वतः मोजून बघायला सांगितलंत. त्या मातीच्या गोळ्याची आठवण आली की अजून गळा दाटून येतो, आणि एवढ्याशा गोष्टीने का, हे मला घरात कुणाला समजावून सांगता येत नाही. आईला मात्र न सांगता समजलं. ती म्हणाली, "त्याला आपली काळजी वाटली." जुन्या वस्तू वापरणाऱ्या माणसांना आपली अडचण मांडतानाही थोडं ओशाळायला होतं, जणू आपण समोरच्याचा वेळ खातोय. तुमच्यासमोर तसं एकदाही झालं नाही. ज्या कामाकडे पुन्हा कुणी बॉनेट उघडून बघणार नाही तेही नीट करणारी माणसं आहेत म्हणून आपण बिनघोर रस्त्यावर असतो, असं मला आता मनापासून वाटतं.

एक विनंती आहे. माझ्यासोबत फिरलेल्या त्याच शेजाऱ्यांची स्वतःची गाडी आमच्या गाडीहून कितीतरी जुनी. ६ व्होल्टची, डायनमोची, आणि बॉडीला प्लस जोडलेला. त्यांना एकाने १२ व्होल्टची बॅटरी लावायला सांगितलं आहे, दिवे फक्त जास्त उजळतील म्हणे. तुम्ही आमच्या बॅटरीच्या आतली सहा घरं (सेल) दाखवताना प्रत्येक घराचे साधारण दोन व्होल्ट म्हणाला होतात, तेवढ्यावरून मी त्यांना थांबवलं: तीन घरांवर चालणाऱ्या गाडीचे बल्ब आणि इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल सहा घरांपुढे टिकायचे नाहीत, आणि तो डायनमो ती बॅटरी भरूही शकणार नाही. याच्या पुढचं मला येत नाही. रविवारी त्यांना घेऊन येते. ट्रेचं माप, क्लॅम्पचा फोटो आणि दोन्ही वायरींची लांबी आम्ही लिहून आणतो आहोत.

तुमची कृतज्ञ,
गुडघे दुखणाऱ्या आईची मुलगी