सीडी-4 पाचशेच्या वर, म्हणून औषध नको?

आपल्या आरोग्य पुरवणीतील प्रश्नोत्तरांत ‘एचआयव्ही आहे, पण सीडी-4 पाचशेच्या वर असेल तर गोळ्यांची घाई नको’ असा सल्ला वाचला. हा सल्ला कालबाह्य आहे. सीडी-4 म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा. 2004 मध्ये सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) मोफत सुरू झाली तेव्हा सीडी-4 200 च्या खाली असण्याची अट होती, पुढे 350, मग 500 झाली. 2017 पासून आकड्याची अटच उरलेली नाही.

कारण सरळ आहे. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सीडी-4 पेशी साधारण 500 ते 1500 असतात. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्या झपाट्याने घटतात, थोड्या सावरतात आणि औषध नसेल तर वर्षाला सरासरी 50 ते 80 ने उतरत राहतात. काहींच्या मात्र दोन-तीन वर्षांतच तळाला जातात. शिवाय आपण मोजतो ते रक्त. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणावर मेलेल्या असतात आणि त्या कुठल्याच रिपोर्टात दिसत नाहीत. 2015 च्या ‘स्टार्ट’ चाचणीत 35 देशांतले 4,685 जण होते, सगळ्यांचा सीडी-4 पाचशेच्या वर. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजाराचा वा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी निघाला.

बरे, हा आकडाही फार भरवशाचा नाही. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. ताप असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर खाली. रक्ताच्या नमुन्याची जांभळ्या झाकणाची नळी कुणी फ्रीजमध्ये ठेवली तर नमुना वायाच. 540 आणि 460 यांतला फरक निव्वळ मोजणीचाही असू शकतो. म्हणून सोबतची टक्केवारी (लिम्फोसाइट पेशींत सीडी-4 किती) पाहावी: 14 च्या खाली म्हणजे साधारण दोनशेच्या खालची अवस्था.

क्षयरोग आणि नागीण तर आकडा बरा असतानाही गाठतात. दोनशेच्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, शंभराच्या खाली क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा मेंदूतला संसर्ग, पन्नासच्या खाली डोळ्याचा पडदा खाणारा सीएमव्ही विषाणू.

औषध लांबवायचे कारण वेगळेच असते. सतत डोके दुखत असेल, मान आखडली असेल तर आधी मेंदूज्वराची तपासणी हवी. क्रिप्टोकॉकस निघाला तर एआरटी चार ते सहा आठवडे थांबवतात, कारण एकदम जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूभोवतीची सूज वाढवते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर एआरटीतले डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम बारा तासांच्या अंतराने दोनदा लागते. आम्लपित्ताचे अँटासिड घेणाऱ्यांनी ही गोळी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. एकत्र घेतली तर औषध नीट शोषलेच जात नाही. हे दुकानदारही क्वचितच सांगतो.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि शेजारी 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांकही द्यावा, ही विनंती.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली