रेघ ओलांडल्यावर थांबू नकोस

सोलापूर

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

800 मीटर संपवून जागेवर उभी राहिलीस की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणजे हार्ट कमजोर आहे का, असं विचारलंस. बहुधा नाही. गडबड रक्ताच्या वाटपाची आहे.

आराम करताना हृदय मिनिटाला 70 च्या आसपास ठोके टाकतं, दर ठोक्याला 70 मिली रक्त. म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. त्यातलं लिटरभर मूत्रपिंडांना, सव्वा-दीड लिटर यकृत-आतड्यांना, पाऊण लिटर मेंदूला, पाव लिटर खुद्द हृदयाच्या स्नायूला. दोन्ही मूत्रपिंडं मिळून 300 ग्रॅमची, तरी वाटा एवढा, कारण तिथं रक्त जातं ते गाळून घ्यायला.

कोणाला किती द्यायचं हे हृदय ठरवत नाही, ते नुसतं ढकलतं. ठरवतात त्या अवयवात शिरणाऱ्या अगदी बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत गोल स्नायू असतो. तो आवळला की वाट अरुंद. आणि त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो! उजनीचं पाणी आपल्या गावात सगळीकडे एकदम सुटत नाही, चावीवाला एकेका भागाचा व्हॉल्व्ह फिरवतो, तसलाच प्रकार. फक्त शरीर कुठल्याच पेठेला चार-चार दिवस कोरडं ठेवत नाही.

तू पळायला लागलीस की मांडीच्या स्नायूत ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि पोटॅशियम वाढतं, आणि तिथल्या तिथं धमन्या सैल पडतात. त्याच वेळी आतडी-मूत्रपिंडांकडच्या धमन्या मज्जातंतू आवळून धरतात. हृदय 15-20 लिटरवर जातं. त्यातलं 80 टक्के स्नायू ओढतात. मेंदूचं पाऊण लिटर मात्र जवळपास तेवढंच. म्हणून कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असं पोटभर खाऊन लगेच पळू नये; आतड्यांनाही तेव्हाच रक्त हवं असतं. जेवणानंतर 3 तास जाऊ देत. फार भूक असली तर अर्धा तास आधी एक केळं पुरे.

हृदयाचं स्वतःचं काम अवघड. डावा कप्पा आवळतो तेव्हा आपल्याच स्नायूतल्या रक्तवाहिन्या चेपतो, त्यामुळं त्याला रक्त मिळतं ते बहुतेक सैल पडल्यावर. ठोके 70 असताना ही उसंत अर्ध्या सेकंदाची, 180 झाले की सेकंदाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय आलेल्या रक्तातला 70 टक्के ऑक्सिजन तो आरामातही काढून घेतो, म्हणजे जास्त हवा तर रक्तच जास्त यायला हवं. ब्लॉकेज असलेल्या माणसाला बसून काही होत नाही आणि जिना चढताना छाती भरते, ती यामुळं.

आता तुझी अंधारी. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू शिरा पिळतात म्हणून. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तू रेघ ओलांडून गप्पकन थांबतेस. पिळणं बंद, धमन्या अजून सताड उघड्या, रक्त पायात साठतं. हृदयाकडं कमी परततं, दाब पडतो, मेंदूचा वाटा कमी होतो. तेव्हा शेवटच्या रेघेनंतर 5 मिनिटं तरी चालत राहा. तरीही अंधारी आली तर आडवी हो, पाय पिशवीवर उंच ठेव. मैत्रिणी उचलून उभं करतील, त्यांना आधीच सांगून ठेव की करू नका.

मे महिन्यात इकडं पळणार असशील तर उजाडताच. 40 अंशांच्या उन्हात कातडीही अंग गार करायला काही लिटर मागते, घामानं रक्तातलं पाणी आटतं, आणि त्याच वेगाला ठोके वाढतात.

मात्र पळता-पळताच शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे पडले, तर सराव बंद. आधी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी).

सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची साधी तपासणी, तेवढी आत्ताच कर. हिमोग्लोबिन 13 असेल तर 100 मिली रक्त सुमारे 17 मिली ऑक्सिजन नेतं, 9 असेल तर 12. हृदय तेवढंच राबून माल एक-तृतीयांश कमी पोचतो, मग वेळ कुठून सुधारणार? 12 च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखव, आणि लोहाची गोळी दिलीच तर चहाबरोबर घेऊ नकोस. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, तेव्हा नाश्ता करून जा.

तुझी,
आई