नावे सांगणाऱ्यांचे आभार

उत्तर गोव्यातील केरीपासून मोरजीपर्यंतच्या किनाऱ्यावरील खडपे (खडक), खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते), मानशी (त्या बांधांतली पाण्याची दारे) आणि होड्या ओढण्याच्या जागा यांची स्थानिक नावे ऐतिहासिक नकाशासाठी नोंदवण्याचे आमचे काम एकदाचे पुरे झाले. त्यासाठी ज्यांनी वेळ दिला, पण आपले नाव छापू नका असे बजावले, त्या सर्वांचे हे जाहीर आभार. (नावे गोळा करणाऱ्यांनाच ही अट पडावी, याचे आम्हांलाही हसू आले.)

पेडणे, म्हणजे या गावांचा तालुका, १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले आणि कागदोपत्री मोरजीचे ‘मोर्जिम’, मांद्र्याचे ‘मांद्रेम’ झाले, कारण कोकणी उच्चारातला शेवटचा अनुनासिक स्वर पोर्तुगीज लेखनात ‘एम’ अक्षराने दाखवत. गावांची नावे निदान कागदावर आली. खडपांच्या वाट्याला बहुधा तेही आले नाही.

त्या वृद्ध रापणकारांचे (किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचे) ऋण विशेष मोठे. त्यांनी आमचा नकाशा बाजूला सारला, ओल्या वाळूत काठीने किनारा काढला आणि आम्ही एकाच नावाने नोंदवलेल्या खडपाची दोन नावे सांगितली: एक समुद्रातून परतताना दिसणाऱ्या बाजूचे, दुसरे माडांकडच्या बाजूचे. लाटेने रेघा पुसल्या, तेव्हा न कंटाळता त्यांनी त्या पुन्हा काढल्या. खाजनाच्या बांधावर सोबत चाललेले शेतकरी, माडावरूनच उत्तरे देणारे रेंदेर (माडाची सूर काढणारे) आणि मासळीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून आमच्या वहीतला चुकीचा अनुस्वार खोडायला लावणाऱ्या बाई, यांचेही आम्ही मनापासून आभारी आहोत.