सव्वीस तारखेचा नाताळ

सोलापूर,
3 डिसेंबर

प्रिय सुनंदा,

सलाम.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सुनेला हडपसरच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन नाताळात काहीतरी सेवेचं करायचंय, आणि तू तिला म्हणालीस, थांब, आमच्या मनूला विचारते, त्यांच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. वाचून फार बरं वाटलं गं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझं बोलणं तुटक होतं. म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. सुनेलाही वाचून दाखव.

आमच्या घरचा नाताळ तू लहानपणापासून पाहिलास, पण तो 25 तारखेचा. अंगणातली चांदणी, मटण आणि कडक भाकरी, आजीचं ‘घे की अजून’ म्हणत वाढणं, हे तुला सगळं पाठ आहे. 26 तारीख तू कधी पाहिली नाहीस. त्या दिवशी आम्ही कोणाला घरी बोलवत नव्हतो, आम्हीच बाहेर असायचो. तुला जे हवंय ते त्या दिवसात आहे.

पण त्याची तयारी महिनाभर आधी स्वयंपाकघरात सुरू होते, म्हणून तिथूनच सांगते. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. पहिला रविवार आला की आजी फडताळातून दोन पितळी डबे काढायची, एक ज्वारीचा, एक तांदळाचा. दळणाला किंवा शिजवायला धान्य काढलं की आधी त्यातली एक मूठ डब्यात पडायची. जेवणं झाल्यावर उरलेलं त्यात घालायचं नाही, हा तिचा नियम. आणि मूठ घरातल्या सर्वांत लहान पोराच्या हाताने घालायची. माझ्या धाकट्या भावाचा हात इतका चिमुकला होता की मुठीत जेमतेम चार दाणे मावायचे, तरी आजीने कधी स्वतःची मूठ त्यात मिसळली नाही. ‘त्याची आहे तेवढी त्याची,’ म्हणायची.

ही रीत माझ्या पणजीची. 1899-1900 च्या दुष्काळात ती पोरकी झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या सोलापुरातल्या वसतिगृहात वाढली. या मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईला उतरली, तिथून अहमदनगरला गेली आणि 1860 च्या दशकात आपल्या सोलापुरात आली. हे मला मोठेपणी वाचून कळलं. पणजीला एवढंच ठाऊक होतं की कोण्या अनोळखी घरातल्या बाईने आपल्या ताटातलं आधी काढून ठेवलं, म्हणून आपण जगलो. त्या बाईला ती कधी भेटणार नव्हती. मग फेड करायची कुठे? ती तिने आपल्या घरातल्या डब्यात केली. आज माझा नातू अनुग्रह मूठ घालतो. डबे मात्र स्टीलचे झाले.

फराळाचं तुला काय सांगू! करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा, चकल्या, दिवाळीत तुमच्याकडे होतं तेच. वेगळी ती नानकटाई. मैदा, तूप, पिठीसाखर आणि वेलची घरून न्यायची, बेकरीत बसून मळायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायची आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून भट्टीत द्यायची. त्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत बेकरीत आमच्या बायकांची रांग असते. बेकरीवाले चाचा दरवर्षी आईला म्हणायचे, ‘सिस्टर, पहला ट्रे किसका?’ कारण त्यांना माहीत होतं, पहिला ट्रे आमच्या घरात शिरत नसे. तो नव्या कागदात बांधून 26 तारखेसाठी बाजूला ठेवला जायचा. कडेचा, थोडा करपलेला ट्रे आम्ही खायचो. तुला आवडायचा तो करपलेलाच, आठवतं?

24 च्या रात्री तरुण संघाची मुलं गात घरोघर फिरतात. हार्मोनियम, ढोलकी, टाळ आणि खंजिरी. इंग्रजी चालीची गाणी असतातच, पण ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली की शेजारची पद्मशाली आजीसुद्धा ओट्यावर येऊन टाळ्या वाजवते, कारण ती चाल तिच्या कानाला ओळखीची असते. 25 ला सकाळी उपासना, मग घरोघरी भेटी, मग जेवण. तो दिवस आनंदाचा आणि आपल्या माणसांचा, त्यावर मी अधिक लिहीत नाही.

आता 26 तारीख. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, हे तुला माहीत आहे. तिच्या ड्युटीच्या वहीत एक ठरलेला सौदा होता. दिवाळीचे दिवस आई करायची आणि नाताळाचे दोन दिवस, 24 आणि 25, तिच्या मैत्रिणी करायच्या. 26 ला ती सकाळी हजर. एका वर्षी संध्याकाळी घरी येऊन तिने दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की काल वॉर्डात केकच केक झाले होते. तीन-चार मंडळांची माणसं आली, फळं वाटली, गाणी म्हटली, फोटो काढले. आणि आज? आज कोणीच नाही. काल ज्यांच्या उशाशी गर्दी होती ती माणसं आज दाराकडे बघत पडली आहेत. दादा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग आपण 26 लाच जाऊ.

दादा शाळामास्तर, त्यांना प्रत्येक गोष्टीला शास्त्राचा आधार लागायचा. तो त्यांना लगेच सापडला. 26 डिसेंबर हा पाश्चात्त्य मंडळींच्या पंचांगात स्तेफनाचा दिवस. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात गोष्ट आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, त्यावरून कुरकुर झाली, तेव्हा हे काम नीट व्हावं म्हणून सात माणसं निवडली गेली. त्यांतला पहिला स्तेफन. आपण त्याला पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेला, म्हणून ओळखतो, पण त्याची नेमणूक झाली ती पंगतीत कोणी उपाशी राहू नये म्हणून. दादा आम्हाला म्हणायचे, त्याला आधी वाढप्या म्हणून ओळखा.

पहिल्या वर्षी आम्ही चादरी नेल्या. सोलापूरच्या घरात दुसरं काय सुचणार! डिसेंबरच्या थंडीत दवाखान्याच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक झोपतात, अक्कलकोटकडचे, तुळजापूरकडचे, पार विजापूर-इंडीकडचे. दादांनी यंत्रमागवाल्या एका ओळखीच्या माणसाकडून जाड, चांगल्या चादरी घेतल्या. एका बाईच्या हातात चादर ठेवली तर तिने ती नीट घडी करून परत दिली. कानडी बोलत होती. आईला वॉर्डात राहून पुरेसं कानडी येत होतं. बाई म्हणाली, चादर माझ्याकडे आहे. मला अंघोळ करायची आहे. नवरा आत पडलाय, त्याला सोडून जाता येत नाही. इथे आल्यापासून अंगावर पाणी घेतलं नाही.

दादा जाऊन तिच्या नवऱ्याजवळ बसले. आईने तिला सिस्टरांच्या खोलीमागच्या न्हाणीघरात गरम पाणी काढून दिलं, खोबरेल तेल आणि फणी दिली. बाई बऱ्याच वेळाने बाहेर आली. केस विंचरलेले, कपाळावर विभूती. मग तिने आमची नानकटाई घेतली, तीही आमच्यासोबत बसून, आणि आपल्या गाठोड्यातली शेंगाचटणी आमच्या हातावर ठेवली. मी तेव्हा शाळेत होते. ती चटणी किती तिखट होती ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक दंडक झाला, आधी विचारायचं. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी घरातलं कोणीतरी दवाखान्यात जाऊन वॉर्डाच्या सिस्टरला भेटतं, काय हवंय ते विचारतं आणि परवानगी घेतं. उत्तरं फार वेगवेगळी येतात. कधी प्लास्टिकची बादली. कधी थर्मास. कधी गावाकडे फोन करून कोणी सांगेल का की म्हातारा बरा आहे, एवढंच. आणि जवळजवळ दरवर्षी एक मागणी असतेच, ती झोपेची. रुग्णाजवळ रात्रंदिवस बसलेल्या माणसाला एक रात्र सलग झोपायचं असतं. म्हणून 26 च्या रात्री आमच्यातले धडधाकट लोक पाळी देतात. आमचे हे, दोन्ही मुलगे, धाकटी सून, चर्चमधली काही मुलं. नातेवाइकाला जेवू घालायचं, झोपायला पाठवायचं आणि त्याच्या जागी स्टुलावर बसायचं. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची, पाणी द्यायचं, बस. मुठीच्या धान्यातून त्या दिवशी खिचडी आणि भाकरी होते, आणि ती आम्हीही तिथेच, त्यांच्याबरोबर खातो. वाढून निघून यायचं नाही. हे आईचं सांगणं, आणि मला वाटतं सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे.

आणखी दोन गोष्टी दादांच्या. पत्रक वाटायचं नाही, प्रवचन करायचं नाही. कोणी आपणहून विचारलं, तुम्ही कोण, का आलात, तर खरं ते सांगायचं. आणि फोटो काढायचा नाही. माझ्या थोरल्या मुलाने मोबाइल नवा असताना विचारलं होतं, आठवण म्हणून एक काढू का? आई तेव्हा थकलेली, खाटेवरच असायची. ती म्हणाली, ‘तू आजारी असताना तुझा काढू का?’ विषय संपला.

हे सगळं तुला परकं वाटणार नाही. तुमच्या घरच्या दासोहात, त्या अन्नदानाच्या पंगतीत, मी किती वेळा जेवले आहे! गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तुझी आई दारात आलेल्याला जात-पात न विचारता हुग्गी वाढायची. सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी तळं खोदलं, त्या गावात आपण वाढलो. त्यामुळे सुनेला सांग, तिला आमच्याकडून शिकायचं तेवढंच तुझ्याकडूनही शिकण्यासारखं आहे.

आता तिच्या सोसायटीचं. तिने अनाथाश्रमात केक घेऊन जायचं ठरवलंय असं तू लिहिलंस. जाऊ दे, पण 25 ला नको. त्या दिवशी अशा मुलांना एकामागून एक पाहुण्यांसमोर उभं राहून गाणी म्हणावी लागतात. लेकरं थकून जातात गं. जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षा जवळ येते तेव्हा जा, गणित शिकवायला जा. आधी तिथल्या ताईंना भेटून विचारा, आणि एकदा गेलात तर पुढच्या वर्षीही त्याच ठिकाणी जा. दरवर्षी नवी जागा शोधणाऱ्यांना कोणाचं नाव लक्षात राहत नाही.

नाताळातच करायचं असेल तर आपल्या फाटकापासून सुरू करा. रात्रपाळीचा वॉचमन, झाडलोट करणारी बाई, लिफ्टवाला, घरोघरी भांडी घासणाऱ्या मावश्या. त्यांची नावं मुलांना माहीत आहेत का? त्यांना 26 ला सोसायटीच्या हॉलमध्ये जेवायला बोलवा, कुटुंबासह, आधी आमंत्रण देऊन. मुलांनी वाढायचं, आणि मग मोठ्यांसकट सगळ्यांनी त्यांच्या शेजारी बसून जेवायचं. वेगळी पंगत नको, स्टीलची ताटं वेगळी नकोत. कपडे द्यायचे असतील तर नवे. जुने द्यायचेच झाले तर धुऊन, इस्त्री करून, तुटलेल्या गुंड्या लावून. आजी म्हणायची, ज्या कपड्यात आपण चर्चला जाणार नाही तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

मुलांना सांताक्लॉज हवाच असणार. असू दे, मलाही आवडतो. फक्त त्यांना त्याच्या मागच्या माणसाची गोष्ट सांगा. निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. परंपरेने चालत आलेली कथा अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नाची सोय नव्हती, तर याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. कोणी दिलं हे कळू नये म्हणून रात्री. मुलांना ही गुप्तपणाची बाजू फार आवडते. अनुग्रहने गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या विडी वळणाऱ्या अक्कांच्या ओट्यावर नवी चप्पल ठेवली आणि धावत येऊन पलंगाखाली लपला. कोणी ठेवली ते अक्कांना कळलं होतं, पण त्यांनी ते कधीच बोलून दाखवलं नाही, आणि मला त्यांचा फार आदर वाटला.

लूककृत शुभवर्तमानात एक वाक्य आहे, मरीया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा नव्हती. दरवर्षी 25 ला ते वाचलं जातं आणि दरवर्षी माझे डोळे भरून येतात, कारण दुसऱ्या दिवशी मला त्या आवारातल्या सतरंज्या दिसणार असतात. मी भाविक बाई आहे, तुला माहीत आहे. माझ्यासाठी उपासना 25 ला संपतच नाही. पण तुझ्या सुनेने हे श्रद्धेपोटीच करायला हवं असं नाही. विचारून द्यावं, बसून जेवावं, पुन्हा जावं. एवढं केलं तरी पुष्कळ.

यंदा तू ये. हुतात्मा एक्स्प्रेसने 24 ला निघ, 25 आपल्या घरी, आणि 26 ला माझ्याबरोबर चल. रात्रपाळी तुला देणार नाही, तुझे गुडघे मला माहीत आहेत. पण तुला कानडी येतं, आणि आई गेल्यापासून आमच्यात कानडी बोलणारं कोणी उरलं नाही. इंडीकडच्या बायका आल्या की आम्ही हातवारे करत राहतो आणि त्यांना काय हवंय ते नीट कळत नाही. तू नुसती शेजारी बसून विचारलंस तरी आमचं मोठं काम होईल. सुनेला सुट्टी असेल तर तिलाही आण, मुलांसकट. झोपायला जागा आहे, अंथरुणं आहेत. नानकटाईचा करपलेला ट्रे तुझ्यासाठी राखून ठेवते. तिकीट काढलंस की कळव, म्हणजे तिसऱ्या रविवारी मी सिस्टरना तुझं नाव सांगून येईन.

भाऊजींना सलाम, मुलांना खूप खूप आशीर्वाद.

तुझीच,
मनू